बावीस पावलं

मुलांनो, कल्पना करा, बाबागाडीएवढं एक यंत्र तुमच्या सोसायटीच्या आवारात फिरतंय. त्याचं नाव मातीवाचक. ते जमिनीत हलक्या लहरी सोडतं आणि पूर्वी कुठे खड्डा खणला होता, ते पडद्यावर काळ्या डागाने दाखवतं. कारण एकदा उकरलेली माती शंभर वर्षांनीही पहिल्यासारखी बसत नाही.

बोरमाळ हे एकेकाळी गाव होतं, आता शहराचं उपनगर झालं होतं. तिथल्या एका सोसायटीत उद्यापासून वाहनतळासाठी खोल खोदाई होणार होती. त्याआधी तुळशीरामआबांना तिथली मूठभर माती हवी होती.

त्यांची धाकटी बहीण ठकू दोन वर्षांची असताना तापाने गेली. एवढ्या लहान लेकरांना गावात जाळत नसत, पुरत. वडिलांनी वर दगड रचले, कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून बाभळीच्या फांद्या टाकल्या. परतताना आबांनी मारुतीच्या देवळाकडे पाठ करून सरळ विहिरीपर्यंतची पावलं मोजून ठेवली. बावीस. पुढे ती विहीर बुजली, तिच्या कट्ट्यावर कारंजं झालं. देऊळ मात्र समोर तसंच राहिलं.

आबा कारंज्यापासून देवळाच्या दिशेने बावीस पावलं चालले. यंत्र चालवणाऱ्या नसरीनने तिथे मातीवाचक फिरवला.

"बाबा, इथली माती कधी हललेलीच नाही."

"असं कसं? दरवर्षी इथंच तर दूध शिंपडतो मी."

नसरीनने कोरा पडदा त्यांच्याकडे वळवला.

"मग सगळं आवार बघ की, पोरी."

"बघितलं. नळ, गटारं, केबली, नुसते डागच डाग. त्यातला तुमचा कुठला, ते यंत्राला काय कळणार?"

आबांची सात वर्षांची नात रेवती कारंज्याच्या कट्ट्यावर पाय हलवत बसली होती.

"आबा, तेव्हा तुम्ही केवढे होतात?"

"तुझ्याएवढा."

"मग आत्ता एवढ्या मोठ्या ढांगा का टाकल्यात?"

आबा स्वतःच्या पायांकडे बघत राहिले. इतक्या वर्षांचं दूध कुणाच्या वाट्याला गेलं?

रेवती खाली उतरली. चपला काढून, देवळाकडे तोंड करून मोजत निघाली. मागोमाग यंत्र निघालं. बाविसावं पाऊल वाळूच्या हौदात पडलं. ती रोज खेळायची तोच हौद.

पडद्यावर दोन हात लांबीचा एक डाग उमटला.

"इथे आहे," नसरीन हळू आवाजात म्हणाली.

रेवती गुडघ्यांवर बसली आणि सकाळी बांधलेला आपला किल्ला दोन्ही हातांनी हलकेच बाजूला सारू लागली.