एका चेहऱ्याच्या दोघी

क्रातो गावात मी सदतीस वर्षे तसबिरी मढवल्या. हे सांगतो आहे ते स्वतःला निर्दोष ठरवण्यासाठी नव्हे.

आमच्याकडे माणूस गेला की त्याला शवपेटीत निजवून त्याचा एक फोटो काढतात. पुढे तो मोठा करून रंगवतात, मिटलेल्या डोळ्यांच्या जागी उघडे डोळे काढतात आणि जिवंतांच्या शेजारी बसवून बैठकीत टांगतात. मला यात कधी पाप वाटले नाही. पुनरुत्थानावर ज्याचा विश्वास आहे, त्याने मृतांचे डोळे उघडे कल्पावेत यात वावगे काय?

एका वर्षी मे महिन्यात ओतासिलियाबाई आल्या. त्यांच्या जुळ्या मुलींपैकी कोस्मा तापाने गेली होती. दुसरी, दामियाना, हिचे लग्न पुढच्या महिन्यात संत अंतोनीच्या सणाला ठरले होते. ती सासरी जाण्याआधी दोघींची एकत्र तसबीर भिंतीवर हवी होती. बाईंनी कोस्माचा पेटीतला फोटो पुढे केला.

"आणि दामियानाचा?"

"तिचा कधी काढलाच नाही."

"मग तिला घेऊन या."

"आठ कोस, मास्तर! लग्नाचं शिवणटिपण टाकून? अहो, मला जन्मदातीला ओळखू येत नसत. एकीच्या पायात दोरा बांधायची मी. ह्याच चेहऱ्यावरनं दोन काढा, झालं."

"मेलेलीवरून जित्या पोरीची तसबीर काढू?"

"डोळे तर तुम्ही उघडणारच की! मग कोण मेलंय ते विचारतंय कोण?"

कामे तुंबली होती. मी होकार दिला. आळस हे पाप दाराशी फार नम्रपणे उभे राहते. म्हणून आपण त्याला आत घेतो.

गालाला गाल लावलेल्या दोघी मी रंगवल्या. वाळवी लागू नये म्हणून चौकट देवदाराची केली. काच कागदाला टेकली तर ओल धरून चिकटते. म्हणून मध्ये बारीक पट्टी घातली आणि मागची बाजू खळीने बंद केली.

तसबीर घरी गेल्यानंतर नवव्या दिवशी, भर दुपारी, मायलेकी ती चादरीत गुंडाळून परत घेऊन आल्या.

"मास्तर, काच आतनं धुरकटतेय. पुसता येत नाही."

मी पाहिले. दोन तोंडांच्या मधोमध, काचेच्या आतल्या अंगाला, लिंबाच्या चकतीएवढे दव होते. पाहता पाहता ते विरले. पुन्हा आले. विरले. आले.

दामियाना स्टुलावर स्वस्थ बसली होती. फार स्वस्थ. मी एक कोरी काच तिच्या तोंडापुढे धरली.

"काचेवर तोंडाने 'हा' कर, पोरी. आम्ही पुसण्याआधी करतो तसा."

तिने केला. काच कोरीच राहिली.

"पुन्हा..."

"केव्हाची करतेय, मास्तर," ती हळूच म्हणाली. "घरच्या आरशावरही येत नाही... लग्न ठरलंय त्यांना सांगू नका हं. आधीच म्हणतात, तुझे हात मातीसारखे गार लागतात..."

मी क्रूसाची खूण केली. उपाय एकच सुचला: जी मेली, तिचे डोळे मिटायचे. चौकट उघडली तेव्हा पेटीत घालतात त्या फुलांचा वास आला. मी कुंचला भिजवला.

"बाई, यातली कोस्मा कोणती?"

"तुम्ही काढल्यात ना? तुम्हालाच ठाऊक."

"मी दोघी एकीवरूनच काढल्या."

दामियाना उठून जवळ आली. "आई... यातली मी कोणती गं?"

ओतासिलियाबाई तसबिरीवर वाकल्या. त्यांचे बोट एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर गेले, परत आले आणि थांबले.

"ही गेली."

"नक्की?"

"मिटा, मास्तर. मला विचारू नका."

मी पापण्या रंगवल्या. दुसरी पापणी मिटताच दामियानाने पाण्यातून वर आल्यासारखा श्वास घेतला. काच पुढे धरली तर दव आले, दाट, आणि त्याचा थेंब ओघळला. आई तिला कवटाळून रडली. मी गुडघे टेकून देवाचे आभार मानले.

लग्न सणालाच झाले. तिला आज चार मुले आहेत. तिचा नवरा भेटला की सांगतो, लग्नापासून ही किती हसरी झाली आहे.

गेल्या मृतांच्या दिवशी मी पत्नीच्या थडग्यापाशी प्रार्थना म्हणत होतो. दोन ओळी पलीकडे दामियाना एकटीच बहिणीच्या थडग्यावर मेणबत्ती लावत होती. वारा होता, तिने ओंजळीचा आडोसा केला. क्रूसावर कोस्माचे नाव आहे. तिला माझी चाहूल लागली नव्हती.

"नीज गं, दामियाना," तान्ह्याला थोपटावे तशी ती मातीला थोपटत म्हणाली. "तुझा नवरा फार चांगला आहे."