मास्तरांच्या खिशातला फोन

अभ्यासिकेत चार्जिंगचा प्लग एकच चालू होता, आणि त्यावर दोन हात एकदमच पडले. एक तिचा, एक त्याचा.

"घ्या तुम्हीच," तो म्हणाला. "बॅटरी संपली असती तर तेवढाच अभ्यास झाला असता तुमचा... पण घ्या."

"माझ्यावर लक्ष असतं वाटतं?"

"लक्ष पुस्तकावरच असतं. पण समोर कुणी तासभर फोनमध्ये बघून गालात हसत असलं, तर पुस्तक तरी काय करणार?"

ती हसली. तिचे हसायचे दिवस नव्हते खरं तर. परीक्षेत दोनदा आपटी खाऊन झाली होती, ही शेवटची संधी, आणि 'उद्यापासून पहाटे उठायचं' हा निश्चय रोज उठून तसाच ताजा. म्हणून त्यानं तिचं नाव ठेवलं 'उद्या'. तो वेळापत्रक आखून, पेन्सिलीला टोक करून बसणारा, म्हणून तिनं त्याचा केला 'मास्तर'.

तोडगा मास्तरांनीच काढला. अभ्यासाला बसताना फोनांची अदलाबदल करायची. तिचा त्याच्या शर्टाच्या खिशात, त्याचा तिच्या पिशवीत. चहाच्या सुट्टीत ज्याचा त्याला परत.

"आणि मी रडून मागितला तर?"

"रुमाल देईन. फोन नाही."

"नक्की?"

"शब्द दिला."

औषध लागू पडलं. सुरुवातीला तिचा हात सारखा टेबल चाचपायचा, मग विसरला. गणितं सुटायला लागली. तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. फोन परत देताना बोटांना बोटं लागायची, आणि मास्तर उगाचच खाली वाकून पेन्सिल शोधायचे. परीक्षा झाली की बोलू, ती मनाशी म्हणायची. म्हणजे पुन्हा उद्याच, दुसरं काय!

या नियमाला न जुमानणारं माणूस एकच. बाबा. दूर गावी एकटेच राहायचे, दुपारी फोन करायचे आणि विचारायचे एवढंच, "जेवलीस का?" जेवलेली असो-नसो, ती म्हणायची, "हो हो, जेवले, ठेवते." बाबा पुढे काहीतरी सांगत असायचे, तोवर हिनं ठेवलेला असायचा.

"माझी तंद्री मोडते रे," तिनं मास्तरांना सांगितलं. "त्यांचाही फोन देऊ नकोस. सुट्टीत करीन मी."

त्या दुपारी ती सरावाचा अख्खा पेपर सोडवत होती. मास्तरांच्या खिशात फोन थरथरला. त्यानं काढून पाहिला आणि हळूच म्हणाला, "उद्या... बाबा आहेत."

तिनं मान वर केली नाही. नुसता हात हलवला – नंतर.

पेपर वेळेत संपला. आयुष्यात पहिल्यांदा. हे सांगायला तिनं मोठ्या तोऱ्यात बाबांना फोन लावला, तर उचलला शेजारच्या काकूंनी. बाबा दारातच कोसळले होते. छातीत कळ आली, आणि हातात फोन होता, एवढंच काकूंना सांगता आलं.

बाबांचं सगळं आटोपून ती अभ्यासिकेत परतली ती पुस्तकं न्यायला. मास्तर टेबलापाशी उभा होता. दाढी वाढलेली, पेन्सिल बोथट.

"दुसऱ्यांदाही आला होता," तो म्हणाला. "मी सांगितलंच नाही. तू इतकी छान लिहीत होतीस..."

"सांगितलं असतंस तरी मी हातच हलवला असता." ती पुस्तकं भरत राहिली. "माझं प्रेम आहे तुझ्यावर. परीक्षेनंतर सांगणार होते. पण आता तुझ्या खिशाकडे नजर गेली की तो फोन थरथरायला लागतो. मी काय करू, सांग?"

पिशवीला गाठ मारून ती निघून गेली.

परीक्षेला ती बसलीच नाही. पुस्तकांची पिशवी खोलीच्या कोपऱ्यात, गाठ न सोडता पडून राहिली. आता ती कुणाचाही फोन पहिल्याच रिंगला उचलते, कर्ज घ्या म्हणून गळ्यात पडणाऱ्यांचासुद्धा. इतक्या खटपटीनंतर अंगवळणी पडली ती सवय ही.

एका दुपारी फोन वाजला. 'मास्तर'. उचलायचा नाही असं ठरवेपर्यंत उचललाही गेला होता. पलीकडून तो चाचरत म्हणाला, "जेवलीस का?"

जिभेला वळण पडलेलं होतं. "हो हो, जेवले, ठेव..."

आणि बाबा गेल्यापासून न आलेलं रडू आत्ता आलं, तेही असं की फोन दोन्ही हातांनी धरावा लागला.

"नाही जेवले," ती म्हणाली. "ठेवू नकोस फोन... बोलत राहा काहीतरी."