डाव्या बाजूनं

कापडगिरणीतल्या मागाच्या खात्यात शिरताना तिची पेटी दाराला अडली आणि ती थेट एका मेकॅनिकच्या अंगावर आदळली.

"लागलं का हो?" तिनं खडखडाटात ओरडून विचारलं. तो नुसता तिच्या ओठांकडे बघत राहिला.

भलताच आगाऊ दिसतोय, असं पुटपुटत ती पुढे गेली. गाल मात्र उगीचच तापले.

यंत्रांच्या आवाजानं कुणाकुणाचे कान धोक्यात आलेत, ते हुडकणं तिचं काम. दिवस कलेपर्यंत ती पार शिणली होती. तपासणीला सर्वांत शेवटी आला तो हाच.

"असं रोखून काय बघता?"

"समोर तुम्ही बसलात, मग भिंतीकडे बघू?"

"भिंतीकडेच बघा!" तिनं त्याची खुर्ची फिरवली, कानांवर यंत्र चढवलं. "आवाज आला की हात वर करा."

हात वर होईना. आवाज वाढवला, आणखी वाढवला... तेव्हा कुठे हात हलला. हा ओठ वाचतो!

ती पुन्हा त्याच्या समोर आली. तिचा चेहरा बघूनच त्याला उमगलं.

"मॅडम, सांगू नका कुणाला. मागावरून काढतील."

"माझे बाबाही हेच म्हणायचे. हाका मारून मारून आई थकली... शेवटी तिनं बोलणंच सोडलं."

तरीही तिनं ते वरिष्ठांना कळवलं. वर मॅनेजरशी भांडून त्याची नोकरीही राखली. त्याला सुताच्या गोदामात हलवलं. जाताना त्यानं तिच्याकडे पाठ फिरवली.

गिरणीतल्या पुढच्या फेरीला, काम उरकून, ती फाटकाबाहेर बाकावर डोळे मिटून टेकली होती. शेजारी कुणीतरी बसलं. तोच!

"रागावलात?" तिनं विचारलं.

"होतो रागावलेला. गोदामातली शांतता खायला उठायची. पण परवा आई भाजी निवडताना गुणगुणत होती... मला ऐकू आलं."

"गेलंय ते परत यायचं नाही हं. उरलंय ते सांभाळायचं."

"म्हणून तर आलो." तो उठला. "स्टॉपपर्यंत सोडू? फक्त डाव्या बाजूनं चला. तो कान बरा आहे."

"आणि मला बोलायचंच नसेल तर?"

"तर गप्प चालू. दमलोय मीही."

वळसा घालून ती त्याच्या डावीकडे आली. स्टॉप दिसू लागला तशी पावलं आपोआप मंदावली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "पुढच्या स्टॉपपर्यंत जाऊ या?"

"चला की," तो म्हणाला — तिच्याकडे न बघताच.