उजवीकडची सीट

गाडी शिकवणं हा माझा आयुष्यभराचा धंदा. आमच्याकडे शिकवणाऱ्याची जागा डावीकडे, त्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक. शिकाऊ माणूस उजवीकडे, स्टिअरिंगवर. तो तयार झाला की मी खाली उतरायचो, टपावर दोन थापा मारायचो आणि तो पहिल्यांदा एकटा जायचा. हाच माझा पदवीदान समारंभ.

लेकीचे दिवस भरत आले म्हणून आम्ही दोघं परदेशात तिच्याकडे गेलो. नेमकं जावयाला कामासाठी दुसऱ्या शहरात जावं लागलं. घर टेकडीवर, इस्पितळ खाली, आणि टॅक्सीचा भरवसा नाही. म्हणजे लेकीला न्यायची जबाबदारी माझ्यावर. परवाना मी येतानाच काढून आणला होता. जाण्याआधी जावयाने मला समोर बसवून धडा दिला.

"बाबा, इथे उजवीकडून चालायचं. दिवसाही दिवे लावायचे. रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांवर कुणी नुसता पाय ठेवला तरी थांबायचं. आणि हॉर्न नको, इथे ती शिवी समजतात."

"मग माणसाने बोलायचं कसं?" मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला निघालो. मायलेकी मागे बसल्या. इथे स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे माझी नेहमीचीच बाजू! मी ऐटीत बसलो, पट्टा लावला, हात मांडीवर ठेवले आणि उजवीकडच्या रिकाम्या सीटला म्हणालो, "हं, घ्या पुढे."

मागे दोघींची हसून मुरकुंडी वळली. "अहो, चालवायचंय तुम्हालाच!" ही म्हणाली. मीही हसलो.

पहिल्याच डाव्या वळणावर मी सवयीने भलत्या बाजूला शिरत होतो. गाडी थांबली. धक्का नाही, आधी हलकेच, मग ठाम. समोरून एक ट्रक आला आणि शांतपणे निघून गेला.

"छान थांबवलीत, बाबा," लेक म्हणाली.

माझा पाय ब्रेकवर नव्हता.

घरी आल्यावर उजव्या सीटसमोर वाकून पाहिलं. पायपुसणं होतं, बाकी काही नाही. गॅरेजमध्ये ब्रेक दाखवून आणले, ते उत्तम निघाले.

पुढचे दिवस मात्र मजेत गेले. शाळेजवळ, चौकात, जिथे माझं लक्ष उडायचं तिथे तो ब्रेक लागायचा. असा ब्रेक शिकवणाराच लावतो, विद्यार्थी बिचकू नये म्हणून. मी घरात कुणाला काही बोललो नाही. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटत होतं. जन्मभर दुसऱ्यांना सांभाळलं, आता कुणीतरी मला सांभाळत होतं. मी सुधारत गेलो तसा तो ब्रेकही कमी होत गेला.

एका दुपारी लेकीला कळा सुरू झाल्या. हिने तिला धरून मागे बसवलं. तेवढ्या गडबडीतही हिचं लक्ष पुढे गेलं.

"काय हो, शिस्त म्हणून रिकाम्या सीटलाही पट्टा?"

मी तो लावला नव्हता.

"बाबा, जमेल ना?" लेकीने दात आवळून विचारलं.

"जमेल."

दिवे लावले. उजवी बाजू धरली. उतारावर पट्ट्यांशी एका म्हाताऱ्याने पाय पुढे टाकला आणि मी थांबलो. माझ्याच पायाने. इस्पितळाच्या दारापर्यंत दुसऱ्या कुणाचा पाय लागला नाही.

नर्स चाकाची खुर्ची घेऊन धावत आली. आत जाताना ही वळून म्हणाली, "नीट आणलंत हो! गाडी लावून या."

मी एकटा उरलो. समाधानाने मोठा श्वास सोडला.

उजवीकडे खट् असा आवाज झाला.

सुटलेला पट्टा सरसरत आपल्या खोबणीत गेला.

दार उघडलं नाही.

मग टपावर दोन थापा पडल्या.

मी वळून पाहिलं नाही. आरशातही नाही. थापा पडल्या की शिकाऊ माणसाने फक्त समोर बघायचं असतं, हे मीच शिकवत आलोय.