कारण नमूद नाही

खिडकीतून एक लखोटा आत सरकला. योगिनीने मान वर न करताच विचारलं, “पेशंट नंबर?”

“नंबर ध्यानात नाय... नाव सांगितलं तर चालंल?”

तिची बोटं की-बोर्डवरच थांबली. धसई-मुरबाड एसटीच्या मागच्या बाकावरून ‘योगिनी, जागा धरली हाय गो!’ म्हणून ओरडणारा हा आवाज. मधल्या वर्षांत तिने तो कितीदा आठवला होता आणि तितक्याच वेळा मनातून हाकलून दिला होता. तिने हळूच वर बघितलं. खिडकीत जीवन उभा होता. जरा रोडावलेला, रंगाने आणखी सावळा झालेला, पण हसताना डावा डोळा अजून तसाच बारीक होत होता.

“तू?”

“मीच. का, नंबराशिवाय ओळख नाय देत आता?”

योगिनी शहापूरच्या एका खासगी इस्पितळात कोडिंग करायची. म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या आजाराचा ठरलेला कोड शोधायचा आणि फाईल विमा कंपनीकडे धाडायची. वॉर्डातल्या आया हौसामावशी तिला ‘आजारांची पोस्टमास्तरीण’ म्हणायच्या. फायली ती नंबरावरूनच ओळखे, नावांकडे बघतही नसे. नाव बघितलं की जीव अडकतो, असं तिचं म्हणणं होतं. आणि आता बघा, ज्याच्यात जीव अडकला होता तोच नेमका नंबराच्या मागून निघाला!

लखोट्यावर मुंबईच्या इस्पितळाचा शिक्का होता, तो बघून कोणती फाईल ते तिला कळलं; ती तिला पाठ होती. उलट्या, रक्तदाब एकदम खाली, सलाइनवर काढलेली रात्र. निदानाच्या जागी डॉक्टरांनी घाईत एवढंच लिहिलं होतं – अ‍ॅड्रिनल ग्रंथींचं संप्रेरक कमी. या ग्रंथी मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोप्यांसारख्या बसलेल्या असतात. त्या कशामुळे कमी पडल्या, ते लिहिलेलंच नव्हतं. मग तिनेही ई सत्तावीस पॉइंट चार टाकलं होतं, म्हणजे ‘बिघाड आहे, कारण नमूद नाही’. विमा कंपनीने फाईल परत धाडली होती, आणि डॉक्टर म्हणाले होते, मुंबईचा जुना रिपोर्ट मागवा, तो बघून लिहितो.

“हा तो रिपोर्ट,” जीवनने लखोट्यावर बोट ठेवलं. मग त्याची नजर तिच्या टेबलावर गेली. डब्याच्या झाकणात चिरलेला पेरू होता, आणि शेजारी कागदाची छोटीशी पुडी. “ते काय, मीठ?”

“हं.”

“तुला तर पेरूवर मीठ आवडायचं नाय.”

“अजून नाही आवडत.” बोलून गेल्यावर तिचे कान तापले. “सवय असते एकेकाला... पुडी ठेवायची.”

कोपऱ्यात चहा ओतणाऱ्या हौसामावशींनी कान टवकारले. “मी रोज इचारतंय, कोणासाठी ठेवतंस गो मीठ? आज कळला!”

“मावशी, चहा सांडतोय तुमचा!” योगिनी लखोटा घेऊन जी सटकली ती थेट डॉक्टरांच्या खोलीत.

जिन्यावर मात्र तिचे पाय रेंगाळले. मिठाची हाव. कातडीचा रंग काळवंडणं. चालता चालता गळून जाणं. या आजाराची लक्षणं तिने किती फायलींत वाचली होती, आणि एकदाही तिला म्हसा आठवलं नव्हतं! म्हशाची जत्रा, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, घोंगड्यांच्या दुकानांपुढची गर्दी. जीवन तेव्हा कॉलेजसाठी मामाकडे धसईला राहायचा. खिशात कायम मिठाची पुडी. बोरं मिठात, आवळा मिठात, शेवटी काहीच नसलं तर नुसतं मीठ जिभेवर. त्या दिवशी पाळण्यातून उतरताना तो तिच्या खांद्यावर कोसळला होता. तिला वाटलं, मुद्दाम करतोय. ती लाजून चार पावलं पुढे पळाली, आणि हसत मागे वळली तर तो जमिनीवर बसलेला, घामाने भिजलेला. पुडी तिच्या हातात देऊन म्हणाला, “धर जरा. परत घेतो.” त्यानंतर तो एसटीत दिसलाच नाही.

पुडी परत द्यायची राहिली होती. मीठ ती बदलत गेली, पण पुडी डब्यात असायचीच.

रिपोर्ट बघून डॉक्टरांनी स्पष्ट लिहून दिलं, मूळ ग्रंथींतच बिघाड. योगिनीने ई सत्तावीस पॉइंट एक टाकलं आणि फाईल वाटेला लावली. काम संपलं. पण खाली आली तेव्हा जीवन अजून बाकावर बसलेला होता.

“गाडी कोणती तुझी?” त्याने विचारलं.

“किन्हवलीमार्गे मुरबाड. तुझी?”

“तीच. मी शेणव्याला उतरतो.”

एसटीत तो पुढे घुसला, खिडकीजवळच्या बाकावर रुमाल टाकला आणि मागे वळून जवळजवळ ओरडलाच, “जागा धरली हाय गो!” योगिनीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. बरं झालं, कंडक्टर तिकिटं फाडण्यात गुंग होता.

गाडी शहापूरच्या बाहेर पडली. कापणी झालेली खाचरं संध्याकाळच्या उन्हात कोरडी पडली होती, आणि मधूनच वालाच्या हिरव्या पट्ट्या दिसत होत्या.

“एक विचारू?” ती म्हणाली. “मोबाइलवर मेसेज गेला होता तुला, रिपोर्टचा फोटो पाठवा म्हणून. मग स्वतः का आलास?”

“फोटो... नीट येत नव्हता.”

“खरं?”

जीवनने खिडकीबाहेर बघितलं. “मी वॉर्डात होतो ना, तवा तू फायली घेऊन माझ्या कॉटजवळून गेलीस. मी डोळे मिटून घेतले.”

“का?”

“कसा दिसत होतो मी... तुला काय सांगणार, कॉलेजला होतो तवा पण तेच झालं. अंगात जीव नाय. मित्र बोलायचे, डांबरात पडला काय रे. घरच्यांनी भगत केला, अंगारे केले. शेवटी मुंबईला नेलं तवा कळलं, जन्मभर गोळ्या. मंग तुला कुठल्या तोंडाने सांगू? बोललो, जाऊ दे, विसरंल.”

योगिनीच्या मनात राग आला. चांगलाच आला. इतकी वर्षं ती समजत होती, शिष्ट झाला, दुसरी भेटली, नाहीतर आपलंच काहीतरी चुकलं.

“आम्हाला कामात एक नियम शिकवतात,” ती म्हणाली. “लिहिलेलं नसेल ते धरायचं नाही. अंदाज बांधायचे नाहीत. तू काही बोललाच नाहीस, म्हणून मीही काही धरलं नाही. पण त्रास झाला, जीवन. फार झाला.”

“माहीत हाय.”

“नाही माहीत तुला. रविवारी मला बघायला येतायत. कल्याणचं स्थळ आहे. आईला मी आज रात्रीपर्यंत हो की नाही ते सांगायचंय.”

शेणव्याच्या अलीकडचं वळण आलं तसा त्याने खिशातून एक लहान डबी काढली. आत इंजेक्शनची कुपी आणि सिरिंज होती.

“हे जवळ ठेवावं लागतं. एकदम खालावलो तर लगेच टोचायचं. डॉक्टर बोलले, घरातल्या एका माणसाला तरी देता आलं पाहिजे. आईचा हात थरथरतो. तर... म्हणजे... कोणीतरी शिकणारं...”

आणि घोडं तिथेच अडलं.

योगिनी वाट बघत राहिली. नियमाचा दुसरा भागही तिला पाठ होता. विचारायचं, पण समोरच्याच्या तोंडात शब्द कोंबायचे नाहीत. ‘असंच आहे ना?’ असा प्रश्न करायचा नाही. डॉक्टरांना ती कधीच तसं विचारत नसे. पण डॉक्टरांचं गाव असं दोन मिनिटांवर आलेलं नसायचं!

“शेणवाऽऽ!” कंडक्टर ओरडला.

जीवन उठला. डबी खिशात गेली.

“मी शिकावं असं तुला वाटतं,” योगिनी एका दमात म्हणाली. “नुसतं इंजेक्शन द्यायला नाही. तुझ्या घरात राहून. हो की नाय, ते बोल!”

पुढच्या बाकावरच्या दोन बायका सरळ मागे वळल्या. जीवनचा चेहरा फुलला, मग घाबरला, मग पुन्हा फुलला.

“हो,” तो म्हणाला. मग तेवढ्याने भागणार नाही हे त्याच्या ध्यानात आलं असावं. “हो. तूच. मला दुसरं कोणी नको होतं... तवा पण नको होतं.”

“ओ, शेणवा आला. उतरताय ना?” कंडक्टर दारात खोळंबला होता.

“तिकीट पुढचं द्या. मुरबाडपर्यंत.”

“मुरबाडला काय काम या टायमाला?”

“मुरबाडला नाय. धसईला जायचंय. हिच्या आईला भेटायला.” तो पुन्हा तिच्या शेजारी बसला. “रविवारच्या आधी गेलेलं बरं, नाय का?”

गाडी सुटली. योगिनीने डब्यातून पुडी काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

“ही घे तुझी. आणि संध्याकाळची गोळी घेतलीस का?”

“नाय अजून.”

“मग घे आधी,” ती म्हणाली आणि पाण्याची बाटली त्याच्यापुढे धरली.