स्टुलाचं अंतर

पार्सल आलं तरी मी हातातलं पान आधी संपवते. मुद्रितशोधनाच्या कामात अर्ध्यावर उठलं की परत बसल्यावर डोळा नेमकी एखादी ओळ गाळतो, आणि चूक त्याच ओळीत दबा धरून बसलेली असते. पान संपलं की पेन्सिल कानावर खोचायची आणि कात्रीनं खोक्याची चिकटपट्टी कापायची. आत जुन्या वर्तमानपत्रांचे बोळे, त्यात प्लास्टिकचं गाठोडं, गाठोड्यात लेन्स. धातूची, हाताला गार, आकाराच्या मानानं जड.

प्रत्येक लेन्सला कुणाच्या तरी कपाटाचा वास असतो. एकीला डांबराच्या गोळ्यांचा होता, एकीला तंबाखूचा. मी मागून टॉर्च लावून आत बघते. काचेवर बुरशी असेल तर ती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. मग अंतराची रिंग शेवटपर्यंत फिरवून पाहते. या जुन्या लेन्स स्वतःहून काही करत नाहीत. समोरचं माणूस किती लांब आहे ते बघून रिंग आपल्या हातानं फिरवावी लागते. रिंगच्या वर न फिरणारी एक रेघ असते, तिच्याखाली येईल ते अंतर. रिंगवर मीटरचे आकडे कोरलेले असतात, आणि सगळ्यात शेवटी आडवा पडलेला इंग्रजी आठ. म्हणजे अनंत.

बाबांचा फोटो स्टुडिओ होता. काम संपलं की ते लेन्स पुसायचे, आडव्या आठावर आणायचे आणि मगच कपाटात ठेवायचे. "बिचारीला रात्रभर कुणाच्या तोंडाकडे बघत बसवू नये," असं म्हणायचे. फोकस जमला की त्यांचा शब्द ठरलेला होता, "धरली!" पासपोर्टच्या फोटोसाठी घामाघूम होऊन बसलेल्या माणसालाही तेच. "धरलं तुम्हाला. आता हलू नका."

गिऱ्हाइकाचं स्टूल जमिनीला स्क्रूनं पक्कं केलेलं होतं, कॅमेऱ्यापासून बरोबर दीड मीटरवर. आईनं एकदा बाबांच्या नेहमीच्या लेन्सवर, रिंगच्या त्या आकड्यापाशी, तिच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. ठिपका रेघेखाली आला की स्टुलावरचं माणूस धरलं गेलं.

"आता डोळे मिटूनही काढता येतील फोटो," आई म्हणाली.

"मिटूनच काढतो. काही तोंडं उघड्या डोळ्यांनी बघवत नाहीत," बाबा म्हणाले.

त्या लेन्सनं माझे सगळे वाढदिवस पाहिले. आईचा शेवटचा फोटोही तिनंच घेतला. मला ती लेन्स हवी होती. बाकी काही नको होतं.

बाबा गेल्यावर धाकट्या भावानं घर आवरलं. मी तेव्हा तापानं अंथरुणावर होते. त्यानं बाबांचं कपाट एका जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याला एकगठ्ठा देऊन टाकलं. व्यापाऱ्यानं एकेक वस्तू सुटी करून ऑनलाइन लिलावात फुंकली.

"मला काय माहीत गं ताई," धाकटा फोनवर म्हणाला. "मला त्या सगळ्या नळकांड्या सारख्याच दिसल्या."

म्हणून मी लिलावांच्या मागे लागले. त्याच बनावटीच्या लेन्स जगभरातून विकायला येतात, आणि गंमत म्हणजे लेन्स विकणाऱ्यांचे फोटो हमखास धूसर असतात. रिंगवर ठिपका आहे की उजेडाची तिरीप, ते कळत नाही. मग घेऊन बघण्याखेरीज इलाज नसतो. शेवटच्या मिनिटापर्यंत गप्प बसायचं, मग बोली टाकायची, आणि पडद्यावरचे सेकंद संपेपर्यंत श्वास धरायचा. आलेल्या लेन्सवर ठिपका नसे. परत पाठवायचं मात्र जिवावर यायचं.

"लेन्सचा अनाथाश्रम काढलायस का?" धाकटा विचारायचा. मग आवाज बदलून म्हणायचा, "इकडे ये ना थोडे दिवस. पोरं आठवण काढतात."

"हातातलं पुस्तक संपू दे," मी म्हणायचे. हातातलं पुस्तक संपलं की दुसरं असायचंच.

माझं टेबल खोलीच्या मधोमध आहे. समोर भिंतीला फळी. मागे कडेला कपाट, त्यामागे दार, आणि दारापलीकडे पॅसेज. लेन्स मी फळीवर आडव्या ठेवायचे, काच खोलीकडे करून. गडगडू नयेत म्हणून खाली टॉवेलची वळकटी. सगळ्या आडव्या आठावर. बाबांची शिस्त.

एका सकाळी चहाचा कप घेऊन बसले, तर सगळ्यांच्या रिंगा फिरलेल्या होत्या.

पुसताना माझाच हात लागला असेल, असं म्हणून मी त्या परत अनंतावर आणल्या. दुसऱ्या सकाळी त्या पुन्हा फिरलेल्या. आकडे एकसारखे नव्हते. मधल्या लेन्सवर थोडा कमी, कडेच्यांवर थोडा जास्त. मी शिवणाच्या डब्यातली टेप आणली. एक टोक लेन्सपाशी धरलं आणि दुसरं खुर्चीवर मी बसते तिथवर नेलं. मधल्या लेन्सचा आकडा जुळला. मग कडेच्यांचं मोजलं. तेही जुळले.

रिंग सैल झाली असेल, या आशेनं त्यातली एक मी कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. त्याचं दुकान जिन्याखाली आहे, आत दोन माणसं मावत नाहीत. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, लेन्स कानाशी नेली, रिंग फिरवली आणि तोंड वाकडं केलं.

"सैल कसली मॅडम? वंगण वाळून दगड झालंय आतलं. मला जोर लावावा लागतोय."

"आपोआप फिरणार नाही?"

"आपोआप माझी बायकोसुद्धा इकडची तिकडे होत नाही, ही काय होणार." तो हसला. मी हसले नाही, तसा तो गंभीर झाला. "घरात लहान मूल आहे?"

"नाही."

"मोठं कोण?"

"मीच."

"मग तुम्हीच," तो म्हणाला आणि लेन्स कागदात गुंडाळून परत दिली.

मी घाबरायला हवं होतं. घाबरले नाही, आणि त्याचं कारण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

शेवटच्या आजारपणात, हॉस्पिटलमध्ये, बाबा माझ्याकडे बघत नव्हते. मी पलंगासमोरच्या खुर्चीत बसलेली असायचे, ते जागे असायचे, पण त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे कुठेतरी लागलेली असायची. "बाबा, मी इथे आहे," असं म्हटलं तरी नजर खाली यायची नाही. "असं होतं," नर्स म्हणाली. "मनाला लावून घेऊ नका." मी एकदा मागे वळून पाहिलं. रिकामी भिंत होती. त्यांचा शेवटचा शब्द मात्र स्पष्ट होता. "हलू नकोस." मला वाटलं, ते मनानं स्टुडिओत पोचलेत आणि मी स्टुलावर बसले आहे. मी हलले नाही. नजर माझ्यावर येईल म्हणून बघत राहिले. ती आली नाही.

तेव्हा, फळीवरून कुणी तरी मला धरत असेल तर ते कोण, हे मी स्वतःला विचारलंसुद्धा नाही. खुर्ची खिडकीकडे सरकवली की सकाळी आकडे बदललेले असायचे. पुन्हा जागेवर आणली की पूर्वीसारखे. मी केस नीट बांधून कामाला बसायला लागले. पाठ ताठ ठेवायला लागले. दिवस दिवस कुणाशी बोलणं व्हायचं नाही, पण घरात आपल्याकडे कुणी बघतंय, या भावनेनं जेवणसुद्धा ताटात वाढून घ्यावंसं वाटायचं. नाहीतर मी पातेल्यातूनच खात होते.

मग लिलावात ती लेन्स आली. या वेळी फोटो लख्ख होता. रिंगवर लाल ठिपका, कडेनं थोडा टवका उडालेला.

शेवटच्या सेकंदाला मी बोली टाकली. लेन्स मला मिळाली. मी धाकट्याला फोन केला आणि नुसतं "अरे" म्हणाले.

"सापडली?" त्यानं विचारलं.

ती यायच्या आधी मी टेप काढली आणि खुर्चीच्या पायांखाली खडूच्या खुणा केल्या. फळीच्या मध्यापासून बरोबर दीड मीटर. स्टुलाचं अंतर. म्हणजे मोजायचंही काम नव्हतं. ठिपका रेघेखाली आला की बाबांनी मला धरलं.

खोक्यातून निघाली तेव्हा ती आडव्या आठावर होती. वास कसलाच नव्हता. मी ती फळीवर मधोमध ठेवली.

सकाळी बाकीच्या सगळ्या लेन्सच्या रिंगा माझ्या खुर्चीच्या अंतरावर होत्या. बाबांची अनंतावर.

दुसऱ्या दिवशीही तसंच. त्यानंतरही. मला इतकं वाईट वाटलं की काम सुचेना. तीच लेन्स, तोच ठिपका, तेच अंतर. अजूनही माझ्याकडे बघायचं नाही का, असं मी मोठ्यानं विचारलं. घरात माझाच आवाज मला परका वाटला.

त्या दिवशी दुपारी जेवून खोलीत आले, तर बाबांची रिंग फिरलेली होती.

मी धावतच फळीपाशी गेले. ठिपका रेघेखाली नव्हता. रेघेखाली चारचा आकडा होता.

मला हसू आलं. बाबा, म्हातारपणी फोकस चुकला तुमचा. मग हसू थांबलं. बाबांचा फोकस आयुष्यात कधी चुकला नव्हता. लग्नाच्या गर्दीत नाही, रडणाऱ्या पोरांवर नाही.

मी टेप घेतली. फळीपासून खुर्ची. खुर्चीवरून मागे. कपाट. कपाटाच्या पुढे दार.

चार मीटरवर दाराचा उंबरठा होता.

दार उघडं होतं. पॅसेजमध्ये नेहमीसारखा उजेड, चपला, छत्री. काही नव्हतं. मी दार लावून घेतलं, रिंग आठावर आणली आणि कामाला बसले. त्या पानावर नंतर तीन चुका सापडल्या.

सकाळी रेघेखाली तीनचा आकडा होता.

तीन मीटरवर कपाट आहे. मी कपाट उघडून पाहिलं. माझे कपडे. कपाटाच्या अलीकडे फरशी. फरशीवर माझी सावली.

त्या दिवशी मला पहिल्यांदा फळीवरच्या बाकीच्या लेन्सची भीती वाटली. त्या कधीच बाबांच्या नव्हत्या. अनोळखी कपाटांतून आलेल्या. इतके दिवस त्यांतून मला कोण धरत होतं, आणि मी कुणासाठी केस बांधून बसत होते?

आणि हॉस्पिटलमधली ती नजर. खांद्यावरून मागे.

मी धाकट्याला फोन केला. "येते मी," म्हणाले.

"खरंच? केव्हा?"

"उद्या."

"सगळ्या नळकांड्या घेऊन ये हवं तर," तो म्हणाला. त्याला आनंद झाला होता. मागे पोरांचा गलका ऐकू येत होता. फोन ठेवावासा वाटत नव्हता.

आज सकाळी बॅग भरली. दाराशी नेऊन ठेवली. मग बाबांची लेन्स घ्यायला खोलीत आले.

बाकीच्या सगळ्या लेन्स आडव्या आठावर होत्या.

मी आणल्या नव्हत्या. कुणी तरी काम संपल्यावर आवरून ठेवाव्यात, तशा होत्या.

फक्त बाबांची लेन्स अजून जागी होती. रेघेखाली दोनचा आकडा.

मी खुर्चीत बसले. का बसले, ते सांगता येत नाही. खुर्ची जवळ होती. टेबलावर कागद होते, पेन्सिल कानावर होती, म्हणून हे लिहिते आहे.

खुर्ची सरकवावी असं मघाशी मनात आलं. पण ठिपका म्हणजे दीड मीटर, म्हणजे मी; खुर्ची सरकली की त्याला अर्थ उरणार नाही. मग मागचं ते किती लांब आहे, हे मला कळायचं बंद होईल.

मागे वळून पाहायचंही मनात आलं. हलू नकोस, असं बाबा म्हणाले होते.

मी हललेले नाही.

धाकट्याचा फोन वाजतो आहे. मोबाइल बॅगेत आहे, दाराशी. वाजून वाजून थांबला.

आता समोर रिंग फिरल्याचा आवाज झाला. अगदी बारीक, वाळलेल्या वंगणाचा. बाबा फोकस जुळवत आणताना शेवटी शेवटी असंच हळू करायचे.

रेघ आणि लाल ठिपका यांच्यात नखाएवढं अंतर राहिलं आहे.