दुसऱ्यानं भरलेली बॅग

"अहो, फिरायला निघालाय की घर बदलताय?"

धाकटीनं मागे वळून पाहिलं. हॉलच्या पायऱ्यांवर तिची बॅग अडकली होती आणि ती ओढून ओढून घामाघूम झाली होती. मागे एक उंच, सावळा माणूस उभा. ओठांपेक्षा डोळ्यांनीच जास्त हसणारा. त्याच्या खांद्यावर पाठपिशवी होती एवढीशी… शाळेतल्या पोराला शोभावी अशी!

"तुम्हाला घाई असेल तर बाजूनं जा ना," ती फणकारली.

"जातो की. पण तुमच्या बॅगेनं बाजू ठेवलीय कुठे?"

आणि त्यानं बॅग उचलली. उचलली खरी, पण त्याचा चेहरा असा काही झाला की तिला राग विसरून हसूच फुटलं.

तिघी बहिणींत शेवटची, म्हणून घरादाराची ती धाकटी. चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायची. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसायचं आणि गिऱ्हाइकाकडून समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचून घ्यायचा. तिच्या जगातली सगळ्यात लांबची वस्तू म्हणजे ती भिंत! एके दिवशी त्या भिंतीचा तिला असा काही वीट आला की डोंगरात पायी जाणाऱ्या एका गटात नाव घालून ती मोकळी झाली.

गट चालवायच्या काकू. आधी नर्स होत्या, त्यामुळे आवाज खणखणीत आणि हुकूम पक्का. निघायच्या आदल्या दुपारी सगळ्यांनी हॉलमध्ये जमायचं, जोड्या लावायच्या आणि एकमेकांच्या बॅगा रिकाम्या करून पुन्हा भरायच्या, असा त्यांचा शिरस्ता. "स्वतःच्या बॅगेतलं माणसाला सगळंच लागतं," त्या म्हणायच्या. "गरज कुठली आणि हौस कुठली, ते परक्यालाच दिसतं."

उशिरा आल्यामुळे दोघंच उरले होते. कोण? अहो, हेच दोघं, दुसरं कोण!

तो भूगोलाचा शिक्षक. खिंडीपलीकडच्या खोऱ्यातल्या शाळेत त्याला नवी नोकरी लागली होती. खिंडीपर्यंत गटाची सोबत, आणि तिथून तो एकटा पलीकडे उतरणार होता… कायमचा.

"कायमचं चाललात? एवढ्याशा पिशवीत?" तिनं त्याची पिशवी उघडली. दोन शर्ट, एक स्वेटर, मोजे, रेनकोट, साबण. तिनं तळाशी हात घालून चाचपलं. "यात काढण्यासारखं काहीच नाही हो, सर."

"मग तुमचं काम झालं. आता माझं बघा." त्यानं तिच्या बॅगेतून पहिल्यांदा काय काढावं? इस्त्री! "ही कशाला?"

"चुरगळलेले कपडे मला बघवत नाहीत."

"डोंगराला बघवतात. आणि या दोन छत्र्या?"

"एक हरवली तर…?"

"आणि हरवली नाही तर?"

एकेक वस्तू बाहेर पडत गेली, तसा तिच्या बाजूला बाजारच भरला. पण चेष्टा करता करता तो कपडे किती जपून गुंडाळत होता! जड सामान पाठीलगत, रेनकोट सगळ्यात वर, मोजे कोपऱ्याकोपऱ्यात. परका माणूस आपली ओढणी घडी करतोय, हे लक्षात आलं आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं उगाचच खिडकीकडे पाहिलं.

मग निघाले बूट. एक जोड कोरा करकरीत, निळ्या नाड्यांचा. दुसरा दुकानात रोज घालायचा, रंग उडालेला.

"हे नवे किती चाललेत?"

"दुकानापासून घरापर्यंत."

"पायी?"

"…रिक्षानं."

"चष्मेवाल्या बाई," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "नव्याचे नऊ दिवस असतात म्हणे. डोंगरात नव्या बुटाचे नऊ तासही नसतात. जुने घाला. तुमचं पाऊल कसं आहे, ते त्यांना ठाऊक आहे."

पण हट्ट म्हणजे हट्ट. बाकी सगळं ऐकलं, बुटांचं तेवढं ऐकलं नाही. जुने बूट तिनं इस्त्रीच्या शेजारी टाकून दिले.

आणि दुसऱ्या दिवशी जंगल सुरू झालं… काय सांगावं! झाडं इतकी उंच की शेंडा बघायला मान मोडावी. हवेला ओल्या पालापाचोळ्याचा वास. धबधब्याचा आवाज आधी नुसता पायांखाली जाणवला, मग कानात आला, आणि वळणावर तो समोरच उभा राहिला तेव्हा धाकटी "अगं आई गं!" म्हणून जागच्या जागी थबकली. तोंडावर तुषार उडत होते, ते पुसायचंही भान नव्हतं.

भान आलं ते टाचेतल्या कळेनं. ती एका दगडावर बसली, बूट काढला. टाच सोलवटून निघाली होती.

"म्हणा ना," ती रडवेली होऊन म्हणाली, "'मी सांगितलं होतं' असं म्हणा एकदाचं!"

त्यानं खांद्यावरची पिशवी उतरवली. सकाळपासून ती फुगलेली दिसत होती, पण तिनं विचारलं नव्हतं. त्यानं चेन उघडली आणि तिचे जुने बूट तिच्यासमोर ठेवले.

धाकटी बघतच राहिली. स्वतःसाठी तिसरा शर्ट न घेणारा माणूस, आणि त्यानं तिचे बूट वाहून आणले होते!

"तुम्हाला ओझं… झालं नाही?"

"झालं ना." तो नजर चुकवून हसला. "पण सकाळपासून बरं वाटत होतं…"

जुन्या बुटांत पाय शिरला आणि तिच्या जिवात जीव आला. नवे बूट त्यानं नाड्यांनी तिच्या बॅगेला बांधून दिले. त्यानंतर ती दोघं बरोबरच चालली. बोलता बोलता कळलं, आजवर त्यानं कितीतरी शाळा बदलल्या होत्या, दर वेळी हीच पिशवी घेऊन.

"वाईट नाही वाटत?" तिनं विचारलं.

"मागे वळून बघायचं नाही. म्हणजे नाही वाटत."

खिंड आली की हा माणूस आपल्यालाही असंच सोडून जाणार? वळूनसुद्धा न बघता? त्या संध्याकाळी धाकटी त्याच्यापासून लांब, काकूंशेजारी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सगळी खिंडीत पोचली ती दाट धुक्यात. हाताशी असलेला माणूसही पुसट दिसत होता. मग वारा सुटला… धुकं फाटलं… आणि समोर बर्फ! एका डोंगरामागे दुसरा, त्याच्यामागे तिसरा, पांढरे, मग निळे, मग नुसते भासासारखे, नजर थकेपर्यंत. ढग पायांखाली होते. एक घार चक्क त्यांच्या खालून उडत गेली. काकूंचासुद्धा आवाज बंद! धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"मला वाटायचं, लांब म्हणजे भिंतीएवढं," ती कशीबशी म्हणाली. "हे सगळं इथेच होतं? रोज? मी दुकानात बसलेली असतानाही?"

"रोज," तो हळूच म्हणाला. पण तो डोंगरांकडे बघत नव्हता.

काकूंची शिट्टी वाजली. परतणाऱ्यांनी गोळा व्हायचं होतं.

"नीट जा," तो म्हणाला.

"एवढंच?"

त्यानं पिशवीचे पट्टे घट्ट केले. धाकटीनं एक मोठा श्वास घेतला. एवढं आभाळ समोर असताना माणसानं घाबरायचं तरी कशाला?

"मग मीच सांगते. मला तुम्ही आवडता, सर. खूप आवडता. उत्तर नको मला. न सांगता खाली उतरले असते तर जन्मभर जीव तळमळला असता, म्हणून सांगितलं."

आणि ती वळली. झपाझप उतरू लागली. डोळे भरलेले, वाट धड दिसत नव्हती. तो आता पलीकडे उतरू लागला असेल. वळून बघायचं नाही… आपणही नाही बघायचं…

मागून दगड घरंगळले. कुणीतरी धावत येत होतं.

"अहो सर!" खालून काकू ओरडल्या. "तुमची शाळा त्या बाजूला!"

"माहीत आहे, काकू! भूगोल शिकवतो मी!"

धापा टाकत तो तिच्यापुढे येऊन उभा राहिला. "शाळा उघडायला वेळ आहे अजून. खाली बस सुटते तिथपर्यंत येतो. मग चढेन परत."

"परत? हा एवढा डोंगर?"

"परत. आणि पुढच्या सुट्टीत पुन्हा उतरेन… दर सुट्टीत." त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "आजवर कुणाला 'थांब' म्हणायला जीभ रेटली नाही माझी. तुला म्हणतो. माझ्यासाठी थांबशील?"

'तुला' म्हणाला तो! धाकटीला हसावं की रडावं कळेना. शेवटी तिनं दोन्ही केलं.

"थांबेन," ती त्याचा हात धरून म्हणाली, "पण आत्ता चल. काकू खूप पुढे गेल्या."